बुरशीने रंगाईच्या सांडपाण्याचा रंग खरोखर जातो, की फक्त दिसेनासा होतो?

निळाई

कापडाच्या रंगाईतून बाहेर पडणाऱ्या रंगीत पाण्यावर बुरशीचा उपाय असल्याचे लेख कित्येक वर्षे वाचनात येत आहेत. त्यांची मांडणी बहुधा ठरलेली असते: चंबूत निळेशार पाणी, त्यात बुरशीच्या गोळ्या, काही दिवस हलवत ठेवलेला चंबू आणि शेवटी नितळ पाण्याचे छायाचित्र. हे इतके सहज होत असेल, तर रंगाई कारखान्यांच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांत अजूनही हिराकस, चुना, कार्बन, ओझोन आणि आरओ यांचेच राज्य का आहे, हे मला पडलेले कोडे आहे.

माझे प्रश्न दोन. पहिला असा, की रंग गेला म्हणजे रंगाचा रेणू मोडला, की तो नुसता बुरशीला जाऊन चिकटला? दुसरा असा, की रेणू मोडत असेल, तर त्याच्या तुकड्यांचे पुढे काय होते? माझे स्वतःचे मत विचाराल, तर हे तंत्र प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावरच अडकले आहे आणि त्याची कारणे बुरशीत कमी आणि पाण्यात जास्त आहेत. ज्यांनी या विषयात काम केले आहे त्यांनी माझे मत खोडून काढावे, अशी विनंती आहे.

कवकजाल

पहिल्या प्रश्नाचे उत्तर "दोन्ही" असे आहे आणि बहुतेक गोंधळ तिथेच सुरू होतो. बुरशी दोन अगदी वेगळ्या मार्गांनी पाण्यातला रंग काढते आणि लेखांत ती दोन्ही कामे एकाच शीर्षकाखाली येतात.

पहिला मार्ग शोषणाचा. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, काही जातींत कायटोसान असते आणि त्यांच्यावरील अमाइन गट आम्लधर्मी पाण्यात धनभारित होतात. रिॲक्टिव्ह आणि ॲसिड वर्गांतल्या रंगांवर सल्फोनेट गटांमुळे ऋणभार असतो, त्यामुळे ते त्या भित्तिकेला जाऊन चिकटतात. यासाठी बुरशी जिवंत असण्याचीही गरज नाही. अ‍ॅस्परजिलस नायजर किंवा रायझोपस यांचा उकळून मारलेला लगदा पुष्कळदा जिवंत बुरशीहून जास्त रंग धरतो.

दुसरा मार्ग विघटनाचा आणि तो मुख्यतः पांढरी कुज घडवणाऱ्या बुरशींचा. लाकडातले लिग्निन मोडणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय आहे. लिग्निन हा ठरावीक आकृतिबंध नसलेला, वेड्यावाकड्या जोडणीचा प्रचंड रेणू असल्याने त्याला अचूक बसणारे एन्झाइम असूच शकत नाही. म्हणून या बुरशी पेशीबाहेर अशी एन्झाइमे सोडतात की ती समोर येईल त्या सुगंधी (म्हणजे बेंझिनसारख्या) वलयातून इलेक्ट्रॉन ओढून घेतात. लॅकेज, मँगनीज पेरॉक्सिडेज आणि लिग्निन पेरॉक्सिडेज ही त्यांतली मुख्य. रंगाच्या रेणूतही सुगंधी वलयेच असतात, त्यामुळे तोही या तावडीत सापडतो.

लिग्निन पेरॉक्सिडेजचा शोध १९८३ साली फॅनेरोकीटी क्रायसोस्पोरियम या बुरशीत लागला आणि त्याच वर्षी ग्लेन व गोल्ड यांनी ही बुरशी बहुवारिक रंग फिके करते, हे दाखवले. गंमत अशी, की त्यांना सांडपाणी स्वच्छ करायचे नव्हते. बुरशी लिग्निन मोडते आहे की नाही, हे झटपट ओळखण्यासाठी त्यांनी रंगाचा साधन म्हणून उपयोग केला होता. प्रदूषणाचा विचार त्यानंतर आला.

अधूनमधून

उत्तम धागा. वाचतो आहे. बुरशीचा "पिढीजात व्यवसाय" आवडला.

जिगरवाला

माझा सगळा जन्म रंगाईखात्यात गेला आहे, त्यामुळे निळाई यांच्या "कारणे पाण्यात आहेत" या विधानाला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

प्रयोगशाळेतले "रंगीत पाणी" म्हणजे ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवलेला एक शुद्ध रंग. आमच्या जिगर किंवा सॉफ्ट फ्लो या रंगाईच्या यंत्रांतून जे सुटते त्यात रंग ही सर्वांत किरकोळ वस्तू असते. सुती कापड रिॲक्टिव्ह रंगाने रंगवताना रंग धाग्याकडे ढकलण्यासाठी लिटरला ४० ते ८० ग्रॅम मीठ घालावे लागते, गडद छटेला त्याहूनही जास्त. मग सोडा ॲश घालून पीएच ११ च्या आसपास नेतात, कारण तेवढ्या अल्कधर्मी पाण्यातच रंगाचा रेणू सेल्युलोजशी पक्का बंध करतो. तापमान ६० अंश, काही रंगांना ८० अंश. पण त्याच स्थितीत रंगाचा काही भाग धाग्याऐवजी पाण्याशीच अभिक्रिया करून बसतो आणि एकदा असे झाले की तो कापडाला कधीच पक्का लागत नाही. रंग, छटा आणि पद्धत यांनुसार हा वाया गेलेला भाग १० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो. तो सगळा साबणाच्या धुलाईत निघून तुमच्याकडे येतो.

याखेरीज ओले करणारी द्रव्ये, रंग सारखा बसवणारी द्रव्ये, कडक पाण्यासाठीची द्रव्ये, ब्लीचिंगनंतर उरलेला पेरॉक्साइड, छपाई असेल तर भरपूर युरिया. तुमच्या बुरशीला पीएच साडेचार लागतो, असे मी ऐकतो. तिला या पाण्यात सोडून दाखवा.

सामू_साडेचार

जिगरवाला यांनी माझ्या नावाचा (सामू म्हणजेच पीएच) उल्लेख केलाच आहे, तर उत्तर देणे भाग आहे.

पीएच आणि तापमान हे अडथळे वाटतात तेवढे मोठे नाहीत. रंगकुंडाचे पाणी इतर पाण्यात मिसळले की ते निवते, आणि फॅनेरोकीटीला ३७ ते ४० अंश तापमान मानवते. ट्रॅमेटीस वर्सिकलर आणि प्ल्युरोटस या मात्र २५ ते ३० अंशांत रमणाऱ्या आहेत. पीएचसाठी आम्ल घालावे लागते हे खरे, पण जैविक प्रक्रियेआधी ते तसेही घालतातच. फरक एवढाच, की जीवाणूंसाठी सातच्या आसपास थांबता येते, तर बुरशीसाठी आणखी खाली यावे लागते. तेवढे आम्ल जास्त लागते आणि पाण्यात तेवढे क्षार वाढतात. हा तोटा मी मान्य करतो.

उरलेल्या पेरॉक्साइडविषयी एक टिप्पणी. पेरॉक्सिडेजना हायड्रोजन पेरॉक्साइड लागतोच, बुरशी तो स्वतः तयार करते. मात्र तो अगदी थोडा थोडा लागतो. एकदम जास्त झाला तर तेच एन्झाइम निकामी होते. तेव्हा ब्लीचिंगचे पाणी आयते मिळाले म्हणून कोणी आनंदून जाऊ नये.

खरा अडथळा मीठ आहे. लॅकेजमध्ये तांब्याचे चार अणू असतात आणि क्लोराइड त्यांच्याशी जोडले जाऊन इलेक्ट्रॉनची वाट अडवते. हा अडथळा आम्लधर्मी पाण्यात जास्त तीव्र असतो, म्हणजे नेमक्या त्याच पीएचला, जिथे लॅकेज उत्तम चालावे अशी आपली अपेक्षा असते.

जिगरवाला

मग मिठाऐवजी ग्लॉबर मीठ वापरले तर? बरेच रंगारी तसेही तेच पसंत करतात, कारण काही छटा, विशेषतः फिरोजी, त्यात जास्त खुलतात. ते सोडियम सल्फेट असल्याने क्लोराइडचा प्रश्नच उरत नाही.

गाळउपसा

कृपा करून तसे काही सुचवू नका. मी प्रक्रिया केंद्र चालवतो. तुमचे सल्फेट पुढे ऑक्सिजनरहित टाकीत गेले की जीवाणू त्याचे हायड्रोजन सल्फाइड करतात. कुजक्या अंड्यांचा तो वास सोसता येतो. पण हाच वायू टाकीच्या छताखालच्या ओलाव्यात गंधकाम्ल होऊन काँक्रीट खातो आणि माणसाच्या जिवावरही उठतो. क्लोराइडने बुरशी मरेल, सल्फेटने टाकी. यांतले काय परवडते ते तुम्हीच ठरवा.

सामू_साडेचार

गाळउपसा यांचा मुद्दा पटला, पण बुरशीची टाकी हवेशीरच असते, त्यामुळे तिथे सल्फेटचा त्रास नाही. तुमच्या साखळीत त्यापुढे ऑक्सिजनरहित टप्पा असेल तरच तो त्रास आहे.

कोरडी_विहीर

मिठाचा विषय निघालाच आहे म्हणून भर घालते. समुद्रात आणि खारफुटीत कुजणाऱ्या वनस्पतींवर वाढणाऱ्या बुरशींचा या दृष्टीने अभ्यास झाला आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत कुजक्या समुद्री गवतावरून फ्लाव्होडॉन फ्लाव्हस ही बुरशी वेगळी केली गेली. तिच्या लिग्निन मोडणाऱ्या एन्झाइमांचे संशोधन १९९९ साली प्रसिद्ध झाले आहे. ही बुरशी समुद्राच्या पाण्यात बनवलेल्या माध्यमातही वाढते आणि ती एन्झाइमे सोडते. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे रंगकुंडाचे पाणी धुलाईच्या पाण्यात मिसळल्यावर जी खारटपणाची पातळी उरते, ती अशा बुरशीला परकी नाही. खारे पाणी बुरशीसाठी बदलत बसण्यापेक्षा खाऱ्या पाण्यातलीच बुरशी शोधावी, हे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

अधूनमधून

कोरडी_विहीर यांना समुद्राचे इतके ज्ञान, हा दैवदुर्विलास म्हणावा का?

कोरडी_विहीर

विहीर कोरडी पडल्यावरच माणूस समुद्राकडे वळतो.

खडूफळा

सर्वांचे प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, परंतु निळाई यांचा दुसरा प्रश्न बाजूला पडला आहे आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे.

मॅलाकाइट ग्रीनचे उदाहरण घ्या. हा त्रायफिनाइलमिथेन कुळातला झळझळीत हिरवा रंग. त्याच्या मध्यवर्ती कार्बनभोवती दुहेरी बंधांची जी सलग साखळी असते तीमुळे तो हिरवा दिसतो. कनिंगहॅमेला एलिगन्स ही बुरशी त्याचे क्षपण करून ल्युकोमॅलाकाइट ग्रीन बनवते, हे सिद्ध झालेले आहे. "ल्युको" म्हणजे बिनरंगी. मधल्या कार्बनवर एक हायड्रोजन बसला, साखळी तुटली, पाणी नितळ झाले. पण तिन्ही वलये जागच्या जागी आहेत, आणि हे बिनरंगी रूप स्निग्धांशात सहज विरघळत असल्याने माशांच्या शरीरात मूळ रंगापेक्षा कितीतरी जास्त काळ टिकून राहते. आता या चंबूचे छायाचित्र काढले, तर ते यशाचे प्रमाणपत्रच वाटेल.

ॲझो रंगांतही हीच मेख आहे. ऑक्सिजन नसलेल्या टाकीत जीवाणू नायट्रोजन-नायट्रोजन दुहेरी बंध सरळ मधोमध तोडतात, रंग झपाट्याने जातो आणि मागे सुगंधी अमाइने उरतात. बेंझिडीनवर आधारलेला जुना रंग असेल, तर त्यातून बेंझिडीनच सुटते, आणि ते माणसात मूत्राशयाचा कर्करोग घडवते याबद्दल कोणताही वाद उरलेला नाही. म्हणून "रंग गेला" या शब्दांना मी तरी उत्तर मानत नाही.

कवकजाल

खडूफळा यांच्याशी सहमत आहे, पण नेमक्या याच ठिकाणी पांढऱ्या कुजीच्या बुरशी उजव्या ठरतात, हेही नोंदवायला हवे. कनिंगहॅमेला त्या गटातली नाही.

लॅकेज किंवा पेरॉक्सिडेज ॲझो बंधाचे क्षपण करत नाहीत, ती रंगाचे ऑक्सिडीकरण करतात. फिनॉल गट असलेल्या ॲझो रंगात आधी फिनॉलच्या वलयातून इलेक्ट्रॉन निघतात, मग ॲझो बंधाशेजारच्या कार्बनवर पाणी हल्ला करते आणि बंध एका बाजूने तुटतो. त्यातला नायट्रोजन पुष्कळदा वायुरूपाने निघून जातो, अमाइन बनत नाही. पुढची पायरीही तपासली गेली आहे. १९९२ साली कार्बन-१४ ने खूण केलेले ॲझो रंग फॅनेरोकीटीला देऊन, त्या कार्बनचा काही भाग कार्बन डायऑक्साइड म्हणून बाहेर पडतो, हे मोजण्यात आले. रेणूचे वलयसुद्धा फुटते, याचा याहून थेट पुरावा मिळणे अवघड आहे.

मात्र नुसते शुद्ध लॅकेज वापरले, तर चित्र इतके गोजिरे राहत नाही. ते मूलके बनवते आणि ती मूलके एकमेकांना किंवा न मोडलेल्या रंगाला जाऊन जुळतात. पाणी निळ्याचे तपकिरी होते आणि तळाशी साका बसतो. संपूर्ण बुरशी असेल तर ती अशा जोड्या आत घेऊन पुढे मोडू शकते.

सामू_साडेचार

मूळ प्रश्नाकडे, म्हणजे चिकटला की मोडला याकडे, परत येतो, कारण हे ओळखणे फार अवघड नाही आणि तरीही अनेक प्रबंधांत ते केलेले दिसत नाही.

सर्वांत सोपी परीक्षा डोळ्यांची आहे. हलत्या चंबूत बुरशी मण्यांसारख्या मऊ, केसाळ गोळ्या करून वाढते. त्यात निळा रंग टाकला की पहिल्या काही तासांतच पाणी फिके होऊ लागते आणि गोळ्या निळ्या होतात. इथे उत्साहाने वाचन थांबवले, तर तुम्ही फक्त शोषण मोजलेले असते. त्यानंतर एन्झाइमे कामाला लागली, तर गोळ्यांचा निळेपणा बाहेरून आत ओसरू लागतो आणि त्या पुन्हा पांढुरक्या, क्वचित पिवळसर होतात. अशी एखादी गोळी ब्लेडने मधोमध कापून पाहावी. मोठ्या गोळीच्या गाभ्यात ऑक्सिजन पोहोचत नसल्याने तिथे निळा ठिपका उरलेला दिसतो, कडेचे तंतू मात्र स्वच्छ असतात. मारलेल्या बुरशीच्या गोळ्या शेवटपर्यंत निळ्याच राहतात. म्हणून मेलेल्या बुरशीचा जोडचंबू ठेवल्याशिवाय कोणत्याही आकड्यावर विश्वास ठेवू नये.

त्यानंतर गोळ्या मेथनॉलमध्ये धुऊन किती रंग परत निघतो ते पाहावे. पाण्याचा संपूर्ण वर्णपट काढावा, एकाच तरंगलांबीचे वाचन पुरे नाही. दृश्य पट्टा आणि अतिनील भागातली वलयांची शिखरे एकाच प्रमाणात खाली आली, तर शोषण झाले असण्याचा संभव मोठा. दृश्य पट्टा गेला आणि अतिनील भागात नवी शिखरे उगवली, तर रेणू मोडला. अतिनील शिखरे जिथल्या तिथे राहिली, तर खडूफळा यांची शंका खरी धरून विषाक्ततेची परीक्षा करावी, मग ती पाणपिसवांवर असो, प्रकाशमान जीवाणूंवर असो किंवा बियांच्या उगवणीवर.

आणखी एक. पुष्कळ प्रयोग रेमॅझॉल ब्रिलियंट ब्लू आर या एकाच रंगावर होतात. तो अँथ्राक्विनोन कुळातला आहे आणि लॅकेज त्याला सहज फिका करते, म्हणूनच तो चाचणीसाठी लोकप्रिय आहे. रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ सारखा ॲझो रंग पुढे ठेवला की तेच लॅकेज मध्यस्थ रेणूची, म्हणजे एन्झाइम आणि रंग यांच्यात इलेक्ट्रॉनची ने-आण करणाऱ्या छोट्या रेणूची, मदत मागू लागते. सोपा विद्यार्थी निवडून शाळेचा निकाल शंभर टक्के लावण्याचा हा प्रकार आहे.

खडूफळा

शेवटच्या वाक्याचा शिक्षक म्हणून निषेध नोंदवतो. बाकी प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे.

गाळउपसा

आता चालवणाऱ्याच्या बाजूने थोडे सांगतो.

रंग हा प्रकारच विचित्र आहे. काही रंग लिटरला एक मिलिग्रॅम इतक्या प्रमाणातही डोळ्यांना दिसतात. इतक्याशा वस्तूचा सीओडीवर, म्हणजे पाण्यातली द्रव्ये रासायनिकरीत्या जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या मापावर, परिणाम जवळजवळ शून्य. त्यामुळे असे नेहमी घडते, की सीओडी मर्यादेत आलेला असतो आणि पाणी मात्र लालभडक असते. वायुवीजन टाकीतले जीवाणू रिॲक्टिव्ह रंगांना हात लावत नाहीत, कारण ते रंग पाण्यात पूर्ण विरघळलेले असतात, गाळाला चिकटतही नाहीत आणि खाण्यासारखेही नसतात. हिराकस आणि चुन्याने डिस्पर्स, व्हॅट, सल्फर असे न विरघळणारे रंग झकास बसतात. विरघळणाऱ्या रिॲक्टिव्ह रंगांना मात्रा वाढवत न्यावी लागते आणि मग गाळाचे डोंगर होतात. माझे टोपणनाव हौसेने घेतलेले नाही.

म्हणजे बुरशीसाठी जागा आहे, हे मला मान्य आहे. माझा आक्षेप वेगळाच आहे. पांढऱ्या कुजीची बुरशी रंग खाऊन जगत नाही. तिला ग्लुकोजसारखे काहीतरी वेगळे खायला घालावे लागते, रंग ती जाता जाता मोडते. ज्या पाण्याचा सीओडी कमी करण्यासाठी मी हवा भरत बसलो आहे, त्यातच मी साखर ओतायची, हे गणित मालकाला समजावून सांगायला कोणी येणार आहे का? आणि साखर ओतली की ती खायला बुरशीआधी जीवाणू हजर होतात. ते काही मिनिटांत दुप्पट होऊ शकतात, बुरशीला कित्येक तास लागतात. तुमच्या चंबूतले पाणी निर्जंतुक केलेले असते; माझ्याकडची टाकी उघडी आहे आणि तिच्यात रोज येणारे पाणी प्रेशर कुकरमध्ये मावत नाही.

कवकजाल

हा आतापर्यंतचा सर्वांत जोरदार आक्षेप आहे आणि त्याला पुरते उत्तर नाही. अर्धवट उत्तरे आहेत.

पीएच साडेचारच्या आसपास ठेवला तर पुष्कळ जीवाणू मागे पडतात. पाण्यात नायट्रोजन कमी असेल तरीही ते अडतात, आणि फॅनेरोकीटीची लिग्निन मोडणारी यंत्रणा तर नायट्रोजनचा तुटवडा पडल्यावरच चालू होते. याच कारणाने जिगरवाला यांच्या छपाईखात्यातले युरियाचे पाणी तिच्यापासून दूर ठेवले पाहिजे. ट्रॅमेटीस आणि बेरकँडेरा यांना ही अट तितकीशी लागू नाही. तिसरा उपाय म्हणजे बुरशी मोकळी न सोडता पॉलियुरेथेनच्या स्पंजावर किंवा लाकडाच्या चिपांवर वाढवून मग टाकीत ठेवणे. लाकूड हेच तिचे अन्न असल्याने साखरेची गरज बरीच कमी होते, आणि जीवाणूंना लाकूड इतक्या लवकर पचवता येत नाही. तरीही दीर्घकाळ उघड्या टाकीत जीवाणू शिरतातच, आणि जाड वाढलेले कवकजाल पाण्याची वाट बुजवते. ठरावीक काळाने जुनी बुरशी काढून नवी घालणे हाच त्यावरचा व्यवहार्य मार्ग दिसतो.

जिगरवाला

साखरेवरून सुचले म्हणून विचारतो. कापड रंगवण्याआधी ताण्याला लावलेली खळ आम्ही काढतो. ती स्टार्चची असेल, तर खळ काढलेल्या पाण्यात विरघळलेल्या पिष्टाचा भरणा असतो आणि सांडपाण्यातल्या बीओडीचा (जीवाणूंना ते पचवायला लागणाऱ्या ऑक्सिजनचा) मोठा वाटा त्या एकट्या पाण्याचा असतो. ते पाणी बुरशीला खाऊ म्हणून चालेल का? विकतची साखर ओतण्याचा गाळउपसा यांचा प्रश्न त्याने सुटेल आणि त्यांचा बीओडीही वापरला जाईल.

गाळउपसा

जिगरवाला, इतकी वर्षे तुमची खळ मी शिव्या देत उपसली. तुम्ही म्हणता तसे झाले, तर ते शब्द मागे घेण्याचा विचार करीन.

सामू_साडेचार

कल्पना चांगली आहे. यांतल्या बऱ्याच बुरशी पिष्ट मोडतात, आणि खळ काढताना अमायलेज वापरलेले असेल तर ते आधीच बरेचसे मोडलेले असते. दोन अटी आहेत. खळ पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची असेल, तर हा विचार सोडून द्यावा, कारण ते बुरशीचे सहज पचणारे अन्न नव्हे. दुसरे म्हणजे हे पाणी थोडे थोडे सोडावे, नाहीतर मेजवानी जीवाणूंची होईल.

कोरडी_विहीर

थोडे अवांतर, पण विषयाला धरून. लॅकेज वस्त्रोद्योगात आलेलेच नाही असा एखाद्याचा समज व्हायचा. १९९६ साली नोव्हो नॉर्डिस्कने डेनिलाइट हे लॅकेजचे उत्पादन डेनिमच्या धुलाईसाठी बाजारात आणले. मध्यस्थ रेणूच्या मदतीने ते इंडिगो फिका करते. इंडिगोचा रेणू मधोमध दुभंगून आयसॅटिन होते आणि पुढे अँथ्रानिलिक आम्ल. "जुनी" जीन्स नवीन विकत घेण्याच्या हौसेला त्यामुळे क्लोरीनशिवाय पर्याय मिळाला. तेव्हा हे एन्झाइम कारखान्यात चालते, फक्त ज्या पाण्याचा पीएच, तापमान आणि घटक आपल्या हातात आहेत अशा बंद यंत्रात चालते.

दुसरे असे, की प्ल्युरोटस अळिंबीचे पीक काढून झाल्यावर जो पेंढा फेकला जातो त्यात कवकजाल जिवंत असते आणि लॅकेजही शिल्लक असते. बुरशी मुद्दाम वाढवण्यापेक्षा तो पेंढा रंगीत पाण्यासाठी वापरून पाहण्याचे प्रयोग झालेले आहेत. त्यात उणे एवढेच, की पेंढ्यातून स्वतःचा तपकिरी रंग आणि सीओडीही पाण्यात उतरतो.

निळाई

चर्चा माझ्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ पुढे गेली, सर्वांचे आभार. आता एक नेमका प्रश्न विचारते. कोरडी_विहीर म्हणतात त्याप्रमाणे पाणी आपल्या ताब्यात असेल तिथेच हे चालते, तर मग संपूर्ण कारखान्याच्या मिसळलेल्या सांडपाण्यावर बुरशी बसवण्याचा हट्ट कशासाठी? फक्त गडद छटांचे रंगकुंड आणि पहिली धुलाई वेगळ्या नळाने काढली, तर पाणी थोडे, रंग दाट आणि घटक माहीत असलेले, असा प्रवाह मिळतो. बुरशीने तेवढाच सांभाळावा आणि नंतर ते पाणी नेहमीच्या टाकीत जावे. यात काय चुकते?

जिगरवाला

तत्त्वतः काहीच चुकत नाही. अडचण अशी, की पाणी थोडे असले तरी मीठ त्यातच सर्वांत जास्त असते. तेव्हा पहिली धुलाई जास्त प्रमाणात घ्यावी लागेल, किंवा कोरडी_विहीर यांची समुद्री बुरशी आणावी लागेल. आणि जुन्या खात्यात सगळी यंत्रे एकाच गटारात सुटतात. तिथे दुसरा नळ टाकणे हे बुरशी वाढवण्यापेक्षा अवघड काम आहे.

गाळउपसा

नळ टाकता येतो, मालकाची इच्छा हवी. निळाई यांनी सुचवलेली मांडणी मला चालेल, पण माझी अट ही, की बुरशीची टाकी वायुवीजन टाकीच्या आधी असावी आणि तिला वळसा घालणारा नळ असावा. ज्या दिवशी बुरशी रुसेल त्या दिवशी पाणी वळवून हिराकस-चुन्याकडे नेता आले पाहिजे. कारखाना बुरशीची वाढ होईपर्यंत थांबत नाही. वायुवीजन टाकी तिच्यामागे हवी, याचे कारण खडूफळा यांनी आधीच दिले आहे: रेणूचे जे तुकडे होतील ते जीवाणूंना पचवायला मिळाले पाहिजेत. पांढऱ्या कुजीने केलेले तुकडे मूळ रंगापेक्षा त्यांना पुष्कळदा सोपे जातात.

खडूफळा

त्या मांडणीत टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याची विषाक्तता रंगाइतक्याच नियमाने मोजली जाणार असेल, तर माझा विरोध मागे घेतो. फक्त रंगमापक ठेवला, तर नाही.

अधूनमधून

एक बाळबोध शंका. बदलून काढलेली जुनी बुरशी शेवटी टाकायची कुठे?

सामू_साडेचार

शंका बाळबोध नाही, प्रकल्प अहवालांत हीच जागा कोरी असते. ज्या बुरशीने रंग मोडला आहे आणि जिच्यातून मेथनॉलमध्ये रंग निघत नाही, ती वाळवून जाळता येते, किंवा तपासणीनंतर कंपोस्टमध्येही घालता येऊ शकते. जिने फक्त शोषून घेतला आहे ती मात्र रंगाने भरलेली आहे, रंग पाण्यातून निघून घनकचऱ्यात आला एवढेच झाले. तिला हिराकसाच्या गाळासारखेच घातक कचरा म्हणून हाताळावे लागेल. वाळवताना आणि हलवताना तोंडावर मुखपट्टी हवीच, विशेषतः अ‍ॅस्परजिलस असेल तर, कारण तिचे बीजाणू श्वासावाटे आत गेलेले चांगले नाहीत.

गाळउपसा

म्हणजे शोषणाच्या बुरशीत माझा उपसा काही सुटत नाही. मोडणारीच द्या. जिगरवाला, तुमच्याकडची खळ स्टार्चची आहे की पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची, ते आधी कळवा.

जिगरवाला

सुती मालाला स्टार्च, मिश्र धाग्याला दोन्ही मिसळून. सुती मालाचे खळपाणी वेगळे धरता येईल.